चाळीस घरांचा भात

आमच्या केलगेरीच्या गल्लीत माझ्या दुखण्याचं नाव कुणी घेत नव्हतं. "ते झालंय म्हणे," असं बायका एकमेकींना सांगायच्या आणि मी फाटकाशी दिसले की एकदम नळाला पाणी कधी येणार यावर बोलायला लागायच्या. मी नाव घेते. कॅन्सर. डाव्या स्तनाचा. लिहून टाकलं, आणि डोक्यावरचं छप्पर जागच्या जागी आहे.

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर एक तरुण मुलगी माझ्यापाशी आली. हातात हॉस्पिटलची फाईल, नवी कोरी. मला ती फाईल लांबूनही ओळखू येते. म्हणाली, "अक्का, एवढ्या दुखण्यात तुम्ही विश्वास कसा टिकवला?" मी तिला चहा पाजला आणि काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर दिलं असतं तर बिचारी घाबरली असती. खरं असं आहे की मी तो टिकवलाच नाही. साडेपाच महिने माझा देवाशी अबोला होता. माझा विश्वास टिकवला दुसऱ्यांनीच, तोही माझ्याच स्वयंपाकघरात आणि मला पत्ता लागू न देता. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. म्हणून त्या मुलीसाठी हे सगळं लिहून काढते आहे.

मूठ

मी करुणा. वय अठ्ठावन्न. आजोबा मिरजेकडून धारवाडला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी आहे, चाळीस घरांची. एकाच्या घरी फोडणी करपली तर रविवारी सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्यात एक रीत आहे. भाताला तांदूळ काढून घेतले की धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. टाकताना म्हणायचं, "प्रभू, ही तुझी." बस, एवढंच. मी सात वर्षांची असताना आईनं मला स्टुलावर उभं करून हे शिकवलं. रविवारी प्रत्येक घरातून ती आठवड्याची मूठ देवळात येते आणि वेदीजवळच्या मोठ्या पातेल्यात ओतली जाते. सोमवारी तो तांदूळ अडचणीतल्या घरांना जातो. कुणी आजारी असतं, कुणाचं काम सुटलेलं असतं, कुणी म्हातारं एकटं असतं.

रविवारी तो तांदूळ घरी आणायचा आणि सोमवारी वाटायचा, हे काम एकोणीस वर्षं माझ्याकडं होतं. चाळीस घरांचा तांदूळ म्हणजे चाळीस तऱ्हा. बारीक, जाडा, रेशनचा, लाल उकडा, तुकडा, सगळं एकत्र. असला भात कधी धड शिजत नाही. मी देताना सांगायची, "पाणी जरा जास्त घाला हं." मी स्वतः तो कधी शिजवून बघितला नव्हता. मी देणारी होते ना! देणाऱ्याच्या अंगात हळूहळू एक तोरा येतो. माझ्याही आला होता, फक्त मला तो दिसत नव्हता.

आमचे हे, सुधाकर, धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. दर रविवारी मला स्कूटरवरून देवळात सोडायचे आणि बाहेर चिंचेखाली पेपर वाचत बसायचे. आत यायचे ते नाताळला. मी काही बोलले की म्हणायचे, "तू आत आहेस ना? मग झालं की. एका घरातनं एक माणूस पुरे."

रिपोर्टचा सोमवार

गाठ मला अंघोळ करताना लागली. त्या आठवड्यात आमचा कापणीचा सण होता, देवळात भोपळे, केळी, कणसं यांची आरास माझ्याकडं. मी मनाशी म्हटलं, सण होऊ दे. मग म्हटलं, पाहुणे जाऊ देत. असे तीन आठवडे घालवले. हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या अंगावर कुठं गाठ लागली तर भोपळे दुसऱ्या कुणाला मांडू द्या.

रिपोर्ट मिळाला तो सोमवार होता. आदल्या दिवशीचा मंडळीचा तांदूळ स्टीलच्या मोठ्या डब्यात, ओट्याखाली ठेवला होता. हुबळीहून परत आल्यावर वाटू, असं म्हणून आम्ही सकाळच्या बसनं निघालो. डॉक्टरीण तरुण होती. ती कन्नडमध्ये हळूहळू, एकेक शब्द जपून सांगत होती. मला त्यातलं फार थोडं आठवतं. तिच्या पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं, ते मात्र स्पष्ट आठवतं. आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फिटरचाच प्रश्न विचारला, "काढता येतो ना? मग काढून टाकू. उशीर कशाला?" डॉक्टरीण हसली. येताना बसमध्ये माझी पर्स हे आपल्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, धारवाड येईपर्यंत.

घरी आल्यावर मी सवयीनं ताटलीत तांदूळ घेतले. मूठ भरली. मुठीच्या छोट्या डब्याचं झाकण उघडलं. आणि ते तीन शब्द काही केल्या बाहेर येईनात. मी तिथंच उभी राहिले. असा राग मला आजवर कुणाचा आला नव्हता. एकोणीस वर्षं लोकांच्या दारात तुझा तांदूळ घेऊन गेले, आणि माझ्या दारात तू हे पाठवलंस? मी मूठ परत ताटलीत टाकली. झाकण लावलं आणि त्या छोट्या डब्याचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं. डब्याला तोंड नसतं, मला कळतं, पण त्यावर क्रुसाचं एक चित्र चिकटवलेलं होतं. ते मला बघायचं नव्हतं.

ओट्याखालच्या मोठ्या डब्याचा मात्र मला साफ विसर पडला.

ऑपरेशनची भीती होती, मरणाची होती. पण सगळ्यांच्या तळाशी एक वेगळीच भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही: मी अशीच रुसलेली गेले तर? आयुष्यभर ज्याच्याशी बोलत आले त्याच्याशी न बोलताच? आणि तरी बोलवत नव्हतं. घरातल्या माणसाशी अबोला धरला की पहिला शब्द किती जड होतो, ते ज्यांनी धरलाय त्यांना ठाऊक आहे.

गिरिजक्का माझी वकील

ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी केमो, असे सहा वेळा. हॉस्पिटलचा दिवस म्हणजे वाट बघणं. रक्ताच्या रिपोर्टची, डॉक्टरांची, खुर्ची रिकामी होण्याची. एक नर्स होती जिला माझी शीर पहिल्याच सुईला सापडायची. ती ड्यूटीवर आहे असं कळलं की आम्ही पाच-सहा बाया सण असल्यासारख्या खूश व्हायचो.

शेजारच्या खुर्चीत गिरिजक्का असायची, कुंदगोळकडची. कपाळभर विभूती, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, आणि आवाज असा की सलाईनची बाटली हलावी. आल्या आल्या विचारायची, "ऊट आयतेन्री?" जेवण झालं का, हे ती उलट्या करणाऱ्या बाईलासुद्धा विचारायची. एकदा ती म्हणाली, तुम्ही लोक फार प्रार्थना करता म्हणे, माझ्यासाठीपण करा की. मी म्हटलं, "गिरिजक्का, सध्या माझं माझ्या देवाशी बोलणं बंद आहे." तिला याचं काही आश्चर्य वाटलं नाही. हात झटकून म्हणाली, "हौदा? निम्म देवरिगे ना हेळतेन, बिडरी." होय काय? तुमच्या देवाला मी सांगते, सोडा. आणि तिनं खरोखर तिथंच हात जोडले, वर बघितलं आणि करुणाक्काच्या देवाला कन्नडमध्ये चांगलं दहा मिनिटं सुनावलं. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यानंतर प्रत्येक खेपेला ती मला सांगायची, आज सकाळी तुमच्या देवाला आठवण केली आहे, काळजी करू नका.

घरी मात्र असं हसण्यासारखं वातावरण नव्हतं. माझी मुलगी रूथ बेळगावहून रजा काढून आली होती. तिला मला बेळगावला न्यायचं होतं.

"अप्पा, तुम्हाला चहासुद्धा येत नाही. आईला काय खायला घालणार?"

"शिकतो की. मशीन शिकलो, स्वयंपाक काय मोठा?"

"आई मशीन आहे काय?"

मी आतून दोघांवर खेकसायची, कारण माझं अंग दुखत होतं आणि मला दुसरं कुणी मिळत नव्हतं. रूथ न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मला ते ओळखू येत होतं, मीही तसंच करत होते. आमचं पाणीपट्टीचं मीटर त्या महिन्यात धावत असणार.

केस गेले तेव्हा रूथनं मला जबरदस्तीनं हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलला नेलं, डोक्याला बांधायला मऊ कापड घ्यायला. दुकानदार दक्षिण महाराष्ट्रातलाच, आमच्यासारखीच मराठी बोलणारा. त्यानं गठ्ठेच्या गठ्ठे उलगडून टाकले. शेवटी माझ्या डोक्याकडं बघून आत गेला आणि एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलीचं कापड घेऊन आला. म्हणाला, "हे विकायचं नाही, अक्का. आमच्या आईचं आहे. तिलाही लागलं होतं. आता बरी आहे, गल्ल्यावर ती बसलीय तीच." गल्ल्यावरच्या म्हातारीनं आपल्या पांढऱ्या दाट केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. ते कापड मी सहा महिने बांधलं.

भेटायला येणारे सल्ले घेऊन यायचे. पपईचा पाला, अमुक रस, तमुक चूर्ण. एक बाई म्हणाली, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल." मी तिला म्हटलं, "असेल. तुमच्याकडं जास्तीचा असेल तर थोडा ठेवून जा." ती परत आली नाही. आमचे पाळकसाहेब आले तेव्हा नुसते बसून राहिले. जाताना म्हणाले, "प्रार्थना करू?" मी म्हटलं, "तुम्ही करा. मी ऐकेन फक्त." त्यांनी दोनच वाक्यांची प्रार्थना केली. त्यांचे उपदेश पाऊण तासाचे असतात, म्हणून मला त्या दोन वाक्यांचं मोल कळलं.

आमच्या घरात तांदूळ आहे

रूथची रजा संपली. निघताना तिनं ह्यांना बजावलं, "अप्पा, तांदळाचा डबा तळाला गेलाय. आणायला हवा." ती रिक्षात बसल्यावर ह्यांनी स्वयंपाकघरात इकडं तिकडं बघितलं, ओट्याखाली वाकले, आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "आहे की एवढा! ही पोरगी पण ना."

मी पलंगावर होते. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

नंतर एका सोमवारी शांताबाई आल्या. सत्तरीच्या आहेत, एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जन्म गेला. मी पडल्यावर मुठीचं काम त्यांनी उचललं होतं. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, तांदळाची. ती पिशवी मीच शिवलेली. तिचा प्रत्येक टाका मला ओळखीचा होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सोमवार आहे गं आज."

माझी कानशिलं तापली. टक्कल पडलेलं डोकं, एका बाजूनं सपाट छाती, आणि आता हेही? मी पाठ ताठ केली, जेवढी होत होती तेवढी. "शांताबाई, आमच्या घरात तांदूळ आहे. मोठा डबा भरून आहे. विचारा यांना."

आतून ह्यांचा आवाज, "हो हो! भरपूर आहे! खातोय तेवढा."

शांताबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पदर तोंडाला लावून खोकल्या. "बरं बाई. आहे तर आहे." आणि पिशवी उचलून गेल्या. दोन दिवस मी धुमसत होते. मला काय गरीब समजले हे लोक?

ह्यांचा भात

आता ह्यांच्या स्वयंपाकाबद्दल. पहिल्या दिवशीचा भात म्हणजे एक दाणा पीठ, शेजारचा दाणा खडा. ह्यांनी पाणी वाढवलं. खडा शिजला, तर पीठ झालेल्याचं पाणी झालं. पाणी कमी केलं, तर पुन्हा खडा. चौथ्या दिवशी ह्यांनी ओट्यावरच्या फरशीवर खडूनं लिहायला सुरुवात केली: पाणी किती, शिट्ट्या किती, निकाल काय. निकालाच्या खाली दर दिवशी "नापास". मग कुकरवर संशय आला. त्याची रिंग बदलली, शिट्टी सोडवून तेल दिलं, झाकण पॉलिश पेपरनं घासलं. कुकर नव्यासारखा झाला, भात होता तसाच.

"करुणा, तुला इतकी वर्षं हे जमलं कसं?" एकदा ते दारात उभे राहून खरोखर विचारत होते. मला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

मग माझं तोंड आलं. आतून सगळं सोललेलं. पाणी पितानाही डोळ्यांत पाणी यायचं. तीन दिवस पोटात काही ठरलं नाही, आणि हे घाबरले. मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कुकर बाजूला ठेवला, पातेल्यात एकाला आठ पाणी घातलं आणि तासभर मंद आचेवर तांदूळ शिजत ठेवला. मग ताक घुसळायच्या रवीनं तो घोटला, मीठ घातलं, निवल्यावर ताक. गंजी, म्हणजे पेजच. एक चमचा तोंडात घेतला. झोंबला नाही. दुसरा घेतला. वाटी संपली, आणि पोटातच राहिली.

पुढं कित्येक आठवडे मी त्या गंजीवर जगले. अशी गंजी मी कुठं खाल्ली नाही. काही दाणे पार विरघळून दाट साय झालेले, काही दाणे अजून जिभेला लागणारे, मधूनच लाल उकड्याचा थोडा गोडवा. "काय घालता हो तुम्ही यात?" मी विचारायची. हे छाती फुगवून म्हणायचे, "फिटरचं सिक्रेट."

ताटलीतले दाणे

सहावी केमो होऊन पंधरा दिवस झाले होते. अंगात थोडी धुगधुगी आली होती. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात ऊन येतं, तिथं मी खुर्ची टाकून बसले. ह्यांनी माझ्या मांडीवर तांदळाची ताटली ठेवली. "बसलीच आहेस तर निवड की जरा. शेवटचा राहिलाय, खडे फार लागतात."

मी चष्मा लावला. बोटांनी दाणे पसरले. आणि बोटं थांबली.

हा लांब बारीक दाणा. हा स्टेशनजवळच्या वकिलांच्या घरचा, ते दुसरा खात नाहीत. हा लाल उकडा, मंगळूरकडची सून आली आहे त्या घरचा. हा पिवळट, रेशनचा. हा तुकडा, म्हाताऱ्या एस्तेरबाईंचा, त्यांना दात नाहीत. एकोणीस वर्षं मी हे दाणे हातानं सारखे केले होते. माणसं ओळखावीत तसे ते मला ओळखू आले.

"अहो, हा तांदूळ कुठला?"

"डब्यातला."

"कुठल्या डब्यातला?"

"ओट्याखालच्या. मोठ्या. का?"

"अहो, तो देवाचा तांदूळ आहे! मंडळीचा! रिपोर्टच्या सोमवारी वाटायचा राहिलेला!"

हे हातात रवी घेऊन उभे. मग तोंड पाडून म्हणाले, "मग आधी सांगायचं की. मी उगीच कुकरची रिंग बदलली."

मला हसू फुटलं. आधी नुसतं खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ऑपरेशनची जागा ओढायला लागली तरी थांबेना. ताटली मांडीवरून घसरली, दाणे सगळीकडं. ह्यांना वाटलं मी रडते आहे, आणि थोड्या वेळानं मी खरंच रडत होते. मी मोठ्या मानानं सांगितलं होतं, आमच्या घरात तांदूळ आहे! आणि त्याच वेळी चाळीस घरांची मूठ रोज माझ्या पोटात जात होती. चाळीस बायांनी "प्रभू, ही तुझी" म्हणून काढून ठेवलेली. मी बोलणं बंद केलं होतं, त्यानं मात्र मला जेवायला घालणं बंद केलं नव्हतं.

"प्रभू, काय रे हे!" माझ्या तोंडून निघालं. मोठ्यानं, हसत-रडत.

साडेपाच महिन्यांतला तो माझा पहिला शब्द. असली प्रार्थना कुणी शिकवत नाही, पण माझी तीच होती. त्यानंतर बोलणं आपोआप सुरू झालं, जसं घरात होतं.

लगेच दुसरी चिंता. त्या सोमवारी पाच घरं माझी वाट बघत बसली असतील! मी शांताबाईंना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, सगळं ऐकलं, आणि खुर्चीत मागं टेकून म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"डबा तुझ्याकडं आहे ते. तुझा रिपोर्ट दुपारपर्यंत सगळ्यांना कळला. मी पाळकसाहेबांना विचारलं, डबा घेऊन येऊ काय? ते म्हणाले, राहू दे तिथंच, या आठवड्याचं घर तेच. मग आम्ही चौघी परत घरोघर फिरलो, त्या पाच घरांपुरतं गोळा केलं. कुणी उपाशी नव्हतं बाई."

"आणि तुम्ही पिशवी घेऊन आलात तेव्हा?"

"संपला असेल म्हणून आले. तर तू महाराणीसारखी सांगितलंस, डबा भरून आहे. मी काय बोलणार? रस्त्यापर्यंत हसत गेले."

हे एवढा वेळ अपराध्यासारखे उभे होते. आता पुढं आले. "मी आजच दुर्गदबैलहून एक पोतं आणून ओततो. भरून टाकू डबा. विषय संपला."

"चालत नाही," शांताबाई आणि मी एकदम म्हणालो.

"का चालत नाही?"

"ती मूठ आपल्या भातातनं निघायला पाहिजे," मी म्हटलं. "रोजच्या. जेव्हा भात टाकाल तेव्हा. एकदम पोतंभर ओतलं की ते सामान झालं."

ह्यांनी यावर बराच विचार केला. कारखान्यातही ते असाच करायचे म्हणे, डोकं खाजवत. दुसऱ्या दिवशी भाताला तांदूळ घेतले आणि मला हाक मारली, "ए, काय म्हणायचं असतं ते?" मी सांगितलं. बाहेर चिंचेखाली पेपर वाचणारा हा माणूस ओट्यासमोर चप्पल काढून उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभू, ही तुझी." मग माझ्याकडं वळून, "झालं? एवढंच?"

"एवढंच. पण उद्याही."

छोट्या डब्याचं तोंड भिंतीकडून मी त्याच दिवशी फिरवलं.

एक अडचण मात्र आहे. फिटरची मूठ केवढी असते! त्या दिवसापासून आमच्याकडं दुपारी भात कमी पडतो. मी तक्रार केली तर म्हणतात, "लहान मूठ मला येत नाही. हात असाच आहे."

सोमवार

रेडिएशनही संपलं. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि त्याच्या आदल्या दिवशी मी अजूनही घाबरते. केस आले आहेत, कुरळे, माझे कधीच नव्हते असे. मलमलीचं कापड धुऊन परत दिलं, ते दुर्गदबैलच्या त्या दुकानात पुढच्या बाईसाठी ठेवलं आहे. गिरिजक्काचा फोन येतो. आता आमची अदलाबदल झाली आहे. ती म्हणते, तुमच्या देवाला तुम्ही सांगा, मी माझ्याला सांगते, कुणाचा फोन आधी लागतो बघू.

बोटांना मात्र मुंग्या राहिल्या आहेत. मूठ नीट मिटत नाही, दाणे गळतात. मी घेतली की हे खाली ताटली धरतात. त्या फायलीवाल्या मुलीला मला एवढंच सांगायचं आहे की तुझी मूठ मिटली नाही तर घाबरू नकोस. काही दिवस दुसरे लोक तुझ्यासाठी मिटतील. मग जमेल तसं तू परत सुरू कर, एका जेवणापासून.

मुठीचं काम परत माझ्याकडं आलंय, आणि हे हल्ली देवळात आत बसतात. कारण विचारलं तर सांगतात, डबा जड आहे, करुणाला उचलवत नाही.

गेल्या सोमवारी आम्ही दोघं स्कूटरवरून लीलाबाईंकडं गेलो. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या. त्यांच्या मिस्टरांना पक्षाघात होऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. मी बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. केस विंचरलेले नव्हते, पण साडीच्या निऱ्या जागच्या जागी. माझ्या हातातल्या पिशवीकडं त्यांनी बघितलं आणि पाठ ताठ केली.

"करुणा, आमच्या घरात तांदूळ आहे हं."

मी पिशवी खाली ठेवली नाही. "असू दे की, बाई. माझ्याही घरात होता."

त्या दार सोडेनात. तेवढ्यात माझ्या मागून हे पुढं आले, हातात आमच्या घरची रवी. मला पत्ताच नव्हता की त्यांनी ती डिकीत घालून आणली आहे.

"मॅडम, हा तांदूळ जरा हट्टी आहे," हे म्हणाले. "कुकरमध्ये अजिबात घालू नका, मी सगळं करून बघितलंय. एकाला आठ पाणी. सरांना गिळायला सोपं जाईल. पातेलं कुठं ठेवता तुम्ही?"

लीलाबाईंनी त्या रवीकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग माझ्याकडं. आणि दारातून बाजूला झाल्या.